पेम्फिगस बरा होतो का, आणि किती दिवसांत?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते कळेल. आई ५४ वर्षांच्या, बार्शीला असतात. सहा महिने तोंड आलेलं होतं. तो काळ बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल यात गेला. मग छाती-पाठीवर फोड आले आणि बायॉप्सीत पेम्फिगस व्हल्गॅरिस हा त्वचेवर आणि तोंडात फोड आणणारा आजार निघाला. दहा आठवड्यांपूर्वी रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन सुरू झालं. अंग बरंचसं सुकलं, पण डोस ४० वरून ३० वर आणल्यावर पाठीवर दोन नवे फोड दिसले. ते चार-पाच दिवसांत सुकले, तरी घरात सगळे घाबरले. एक डॉक्टर म्हणतात, 'हे आयुष्यभराचं आहे.' नात्यातले म्हणतात, ७८ वर्षांच्या मामांना असेच फोड आले होते आणि दोन वर्षांत गेले. तुम्हाला विचारायचंय की आजार परत उलटला का, कधी बरा होणार आणि जिवाला धोका किती.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात आणि नंतर स्वतःच्या दवाखान्यात पेम्फिगसचे रुग्ण बरीच वर्षं बघत आलोय. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे गोळ्या कमी-जास्त करण्याबद्दल इथे काही सांगणार नाही. पण हा आजार कसा चालतो, कुठे अडतो आणि कशाला घाबरायचं, हे सांगता येईल. तुमची भीती मला थोडी चुकीच्या जागी वाटते. तुमचं लक्ष फोडांकडे आहे. आईंच्या पुढच्या वर्षभराचं बरं-वाईट फोडांपेक्षा औषधं कशी सांभाळली जातात यावर जास्त ठरेल.

त्वचेच्या आणि तोंडातल्या पातळ अस्तराच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या काही प्रथिनांमुळे. त्यातली डेस्मोग्लीन १ आणि डेस्मोग्लीन ३ ही दोन इथे महत्त्वाची. पेम्फिगसमध्ये शरीर याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी (एरवी जंतूंशी लढणारे रक्तातले घटक) तयार करतं. पेशींची पकड सुटते, मध्ये पाणी साठतं आणि सैल, लगेच फुटणारा फोड येतो. तोंडात तर फोड टिकतच नाही, दिसते ती सरळ सोललेली जागा. म्हणून पेशंट 'फोड आले' असं म्हणत नाहीत, 'तोंड आलंय, चहासुद्धा झोंबतो' म्हणतात. सहा महिने वाया गेल्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देताय, पण बऱ्याच जणांत आजाराची सुरुवात तोंडातच होते आणि निदानाला असाच उशीर होतो. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम तज्ज्ञाला दाखवावी, एवढं घरातल्या बाकीच्यांनीही लक्षात ठेवलं तर चांगलं.

स्टेरॉइडने आठवड्यात सगळं का थांबत नाही, तेही या अँटिबॉडीवरूनच कळतं. आज नवी अँटिबॉडी तयार होणं पूर्ण थांबलं तरी रक्तात आधीपासून असलेली निम्म्यावर यायलाच साधारण तीन आठवडे लागतात. अझाथायोप्रिन तर सहा-आठ आठवड्यांनंतर कुठे जोर धरतं. म्हणजे आईंच्या बाबतीत ते आत्ता आत्ता काम करू लागलं असेल.

आता जिवाच्या धोक्याबद्दल. 'हा आजार जीवघेणा आहे' या इंटरनेटवर वाचलेल्या ज्या वाक्याने तुमची झोप उडाली, ते खोटं नाही, जुनं आहे. १९५० च्या सुमारास स्टेरॉइड हाती येण्याआधी पेम्फिगसचे बहुसंख्य रुग्ण काही वर्षांतच दगावत. उघड्या त्वचेतून पाणी आणि प्रथिनं वाहून जात, जंतुसंसर्ग होई, खाणं बंद पडे. स्टेरॉइड आल्यावर चित्र पालटलं. आज साधारण ५ ते १० टक्के मृत्यू असा आकडा सहसा दिला जातो. त्यातही वय जास्त, आजार अंगभर पसरलेला आणि सोबत मधुमेह किंवा हृदयाचा त्रास, अशांचा वाटा मोठा असतो. शिवाय हल्ली मृत्यू फोडांनी क्वचितच होतो. होतो तो बहुतेक संसर्गाने, आणि संसर्गाला वाट करून देण्यात उघड्या जखमांइतकाच वाटा आपल्याच औषधांचा असतो. म्हणूनच वर म्हटलं, औषधं सांभाळा.

आजाराचा प्रवास मी घरच्यांना टप्प्यांत सांगतो. पहिला टप्पा नवे फोड थांबण्याचा. योग्य डोस मिळाला तर हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतं. दुसऱ्या टप्प्यात जुन्या जखमा भरतात. दोन आठवडे नवा फोड नाही आणि ८० टक्के जखमा भरल्या, म्हणजे हा टप्पा पार पडला आणि डोस उतरवायला सुरुवात करायची. अंग आधी भरतं, तोंड मागे राहतं. तिसरा टप्पा डोस उतरवण्याचा, आणि तो कित्येक महिने चालतो. यातलं पहिलं मोठं ठाणं म्हणजे प्रेडनिसोलोन रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आणि अंगावर काही नाही. शेवटचा टप्पा सगळी औषधं बंद आणि निदान दोन महिने एकही फोड नाही, हा. त्याला आम्ही पूर्ण रेमिशन म्हणतो. 'कायमचा बरा' असं तेव्हाही लिहून देत नाही, कारण आजार काही जणांत वर्षांनंतरही डोकं वर काढतो. पण वर्षानुवर्षं एकही गोळी न घेता शेतात, ऑफिसात नेहमीसारखे कामाला जाणारे पेशंट माझ्याकडे आहेत. 'आयुष्यभराचं आहे' या वाक्याचा अर्थ लक्ष आयुष्यभर ठेवायचं, एवढाच घ्या. गोळ्या आयुष्यभर लागतीलच असं नाही.

मग आईंच्या पाठीवरचे दोन फोड? जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेली व्याख्या अशी: आजार ताब्यात आल्यावर महिन्याभरात तीन किंवा जास्त नवे फोड आले आणि ते आठवड्यात आपोआप भरले नाहीत, किंवा जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा पसरू लागल्या, तर आजार उलटला म्हणायचं. दोन फोड, तेही चार-पाच दिवसांत सुकलेले, यात बसत नाहीत. डोस उतरताना अशी एखादी चुणूक पुष्कळदा दिसते. माझ्याकडे असं झालं तर मी लगेच ६० वर परत जात नाही. आहे त्या डोसवर दोन-तीन आठवडे थांबतो, फोडांवर लावायचं तीव्र स्टेरॉइड मलम देतो आणि पेशंटला एक साधी वही ठेवायला सांगतो: तारीख, कुठे आला, कधी सुकला. मोबाइलवर फोटो काढा, पण शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, नाहीतर पुढच्या वेळी मोठा झाला की लहान ते कुणालाच सांगता येत नाही. तुमचे डॉक्टर वेगळं ठरवतील, त्यांनी आई बघितल्यात. पण दोन फोडांवरून तुम्ही घरच्या घरी डोस वाढवू नका.

आणि मनाने बंद तर अजिबातच करू नका. इतके आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून, उलट्या होऊन माणूस थेट आयसीयूत जातो. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी 'एका ओळखीच्यांकडची पुडी सुरू करून इंग्लिश गोळ्या बंद करायच्या का' असं आहे. या आजारात मी ज्यांना अत्यवस्थ होऊन दाखल झालेलं पाहिलं, त्यांतल्या पुष्कळांची कहाणी इथूनच सुरू झाली होती. पुडीने बरं वाटलंच, तर तिच्यात स्टेरॉइडच मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि किती ते कुणालाच माहीत नसतं.

आता घरी काय बघायचं. ताप हा नेहमीचा इशारा इथे फसवा ठरतो, कारण स्टेरॉइड ताप झाकून टाकतं. थंडी वाजणं, गुंगी, दम लागणं, लघवी कमी होणं, जखमेला घाण वास किंवा पू, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. साखर उपाशीपोटीच बघत असाल तर दुपारच्या जेवणानंतरचीही बघा. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारी-संध्याकाळी साखर चढवतं, आणि उपाशीपोटीचा आकडा छान दिसत राहतो. दोन-तीन आठवडे खोकला हटला नाही तर छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी. आपल्याकडे झोपलेला टीबी या औषधांनी जागा होतो. जांघेत किंवा मांडीच्या सांध्यात दुखायला लागलं तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठीचं औषध सुरू आहे का, हे विचारून घ्या. डोळे वर्षातून एकदा. अझाथायोप्रिनसाठी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी, चुकवायची नाही.

अँटिबॉडीचा आकडा दर महिन्याला तपासायचा का, असंही विचारलंय. गरज नाही. डेस्मोग्लीन १ चा आकडा त्वचेच्या आजाराबरोबर बऱ्यापैकी वर-खाली होतो, पण ३ चा आकडा पेशंट ठणठणीत असतानाही चढलेला राहू शकतो. आकडा बघून घाबरायचं आणि फोड नसताना औषध वाढवायचं, यात नुकसानच आहे. औषधं बंद करायच्या आधी एकदा बघितला तर उपयोग होतो.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या डॉक्टरांना विचारावा असा आहे: रिटुक्सिमॅब. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीला, बी पेशींना, हे इंजेक्शन हटवतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात नव्या रुग्णांना रिटुक्सिमॅब आणि थोडे महिने स्टेरॉइड दिलं, दुसऱ्या गटाला फक्त स्टेरॉइड, तेही जास्त काळ. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ८९ टक्के औषधांशिवाय फोडमुक्त होते, दुसऱ्यातले ३४ टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पेम्फिगससाठी त्याला मान्यता दिली. सहसा १ ग्रॅम सलाईनमधून, पंधरा दिवसांनी पुन्हा १ ग्रॅम. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात, तोवर स्टेरॉइड लागतंच. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबी तपासावा लागतो, जमलं तर लसी आधी उरकाव्या लागतात. परिणाम उतरल्यावर आजार परत येऊ शकतो आणि पुन्हा डोस लागू शकतो. माझं मत विचाराल तर पन्नाशी ओलांडलेल्या, साखर काठावर असलेल्या पेशंटमध्ये मी ते उशिरा देण्यापेक्षा लवकर देणं पसंत करतो, कारण स्टेरॉइडचे महिने वाचतात. भारतीय बनावटीचं मिळत असल्याने खर्च पूर्वीइतका अवाक्याबाहेर नाही, पण कमीही नाही. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. जिथे बसत नाही तिथे जुनी पल्स पद्धत अजून आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पेम्फिगससाठी आणली: दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १०० मिलिग्रॅम सलाईनमधून, त्यातल्या एका दिवशी प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड. त्या पद्धतीने आपल्या देशात असंख्य लोक मार्गी लागले. एक गंमत म्हणून सांगतो, पल्सनंतर येणाऱ्या उचक्या इतक्या नेहमीच्या, की वॉर्डात नवा पेशंट उचकी देऊ लागला की शेजारच्या खाटेवरचाच त्याला समजावतो. सायक्लोफॉस्फामाइडचे तोटे मात्र गमतीचे नाहीत. मूल हवं असलेल्यांना आम्ही ते टाळतो.

मामांचं म्हणाल तर त्यांना बहुधा वेगळाच आजार झाला असावा. ७८ वर्षं वय, आधी खूप खाज, मग घट्ट, सहज न फुटणारे फोड, तोंड स्वच्छ: तुम्ही लिहिलेलं हे वर्णन बुलस पेम्फिगॉइडचं आहे. नाव सारखं वाटतं, पण फोड त्वचेच्या आणखी खालच्या थरात येतो आणि पुष्कळांत काही वर्षांत आजार विझतो. तिथे वय आणि बाकीचे आजार हाच मोठा धोका असतो. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी, विशेषतः विल्डाग्लिप्टिनशी, त्याचा संबंध दिसलेला आहे. मामा अजून ती घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पण मामांच्या 'आपोआप गेलं' वरून आईंचा हिशेब करू नका. पेम्फिगस आपोआप जाण्याची वाट बघायचा आजार नाही.

घरातली काळजी. तोंडासाठी लहान मुलांचा मऊ ब्रश, जेवणानंतर साध्या पाण्याच्या चुळा. डॉक्टरांना विचारून बीटामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी दोन चमचे पाण्यात टाकून पाच मिनिटं तोंडात धरायची आणि थुंकायची, गिळायची नाही. जिभेवर पांढरा थर दिसला तर बुरशी असते, तिचं औषध वेगळं. भाकरीचा पापुद्रा, पापड, चिवडा यांची टोकं सोललेल्या जागी लागतात. काही महिने ताकभात, पेज, मऊ खिचडी, निवालेलं वरण, शिजवलेलं अंडं. प्रथिनं कमी पडू देऊ नका, जखमा त्यावरच भरतात. कांदा-लसूण बंद करायचा का, हे मला हमखास विचारतात. त्यातल्या काही गंधकयुक्त घटकांवर संशय घेतला गेलाय, पण पुरावा कच्चा आहे. झोंबत नसेल तर मी बंद करायला लावत नाही.

अंगावर ओल्या जागा असतील तर चादर चिकटते आणि उठताना साल निघते. आमच्या वॉर्डात यावरचा जुना इलाज अजून चालतो: केळीची कोवळी, स्वच्छ धुतलेली पानं खाटेवर अंथरायची, मधला जाड दांडा काढून, गुळगुळीत बाजू वर. पान थंड लागतं, चिकटत नाही आणि रोज बदलता येतं. बाजारातल्या महागड्या न चिकटणाऱ्या ड्रेसिंगला ते बऱ्याच अंशी पुरून उरतं. आंघोळ बंद करू नका, कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो. फोड मोठा आणि ताणलेला असेल तर नर्सकडून निर्जंतुक सुईने पाणी काढून घ्या, पण वरची साल कापू नका, तीच आतल्या जागेचं रक्षण करते. भरल्यावर काळपट डाग राहतील. ते हळूहळू फिके होतात, व्रण सहसा राहत नाहीत.

आणि ताट-वाटी वेगळी ठेवलीत, असं लिहिलंय. ती आजच परत एकत्र करा. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, कपड्याने, कशानेच पसरत नाही. नातवाला जवळ घेऊ द्या. फक्त त्याला सर्दी-ताप किंवा कांजिण्या असतील तर तेवढे दिवस लांब, आणि ते आईंच्या रक्षणासाठी. तुम्हाला-बहिणीला होईल का? आजाराकडे झुकणारी जनुकं असतात, पण आईकडून मुलाकडे आजार जाणं फारच दुर्मीळ. तुमच्या रक्ततपासणीची काही गरज नाही.

राहिली आईंची स्वतःची एकच चौकशी, जी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत: आषाढीच्या वारीला चालत जाता येईल का. या वर्षी नाही. ३० मिलिग्रॅमवर, पाठीवरचे फोड नुकतेच सुकलेले असताना, पावसात भिजणं, उन्हात चालणं आणि हजारोंच्या गर्दीत मुक्काम, यात संसर्गाचा धोका फार मोठा आहे. कार्तिकीपर्यंत डोस १० च्या आसपास आला असेल, दोन-तीन महिने नवा फोड नसेल आणि साखर ठीक असेल, तर बार्शीहून एसटीने पंढरपूर काही लांब नाही. मास्क लावून, गर्दीची वेळ टाळून, कळसाचं दर्शन घेऊन त्याच दिवशी परत, याला मी हरकत घेतली नसती. मधे रिटुक्सिमॅब दिलं गेलं असेल, तर मात्र तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जाताना गोळ्यांची पिशवी हातात ठेवायची, डिकीत नाही.